पेपर मागून पुढे वाचा

रिसर्च पेपर हातात आला की आधी शेवटचं पान उघडा. नवीन आलेल्या पोरांना हे सांगितलं की त्यांना वाटतं मॅडम गंमत करतायत. पण शेवटच्या पानावर, संदर्भांच्या यादीच्या जरा वर, बारीक टायपात दोन-चार ओळी असतात: पैसे कोणी दिले आणि लेखकांचे हितसंबंध काय. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’चा रकाना बघतो ना, कोणाचा बोजा आहे का म्हणून? तसंच हे. बोजा असला म्हणून जमीन नापीक ठरत नाही, पण व्यवहाराआधी तो माहीत असलेला बरा.

आमच्या संस्थेच्या आवारात इंजिनिअरिंग, फार्मसी आणि एमबीए अशी तीन कॉलेजं आणि ग्रंथालय मात्र एकच. मी तिथली ग्रंथपाल. म्हणजे सकाळी बेअरिंगच्या कंपनांवरचा पेपर शोधून द्यायचा, दुपारी ग्राहक दुकानात जास्त पैसे का खर्च करतो त्यावरचा, आणि संध्याकाळी फार्मसीची मुलगी सर्दीच्या गोळ्या घेऊन उभी. मी यातल्या कुठल्याच विषयाची जाणकार नाही. पण इतकी वर्षं पेपर हाताळून एक कळलं, की विषय न समजताही पेपरची अर्धी परीक्षा घेता येते. ती कशी, ते सांगते.

पण त्याआधी मी स्वतः कशी फसले ते ऐका. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. फॉर्मवर सही शेवटी घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली तर माणूस माहिती जास्त खरी भरतो, असं त्याचं म्हणणं. एक प्रयोग गाडीच्या विम्याचा होता. ग्राहकांनी मीटरचं रीडिंग कळवायचं. वर्तमानपत्रात त्याची बातमी वाचून मी भारावले. आमच्याकडे हरवलेल्या पुस्तकाचा एक फॉर्म असतो, आणि पुस्तक कसं हरवलं याच्या कहाण्या तर काय विचारता! मी सहीची रेघ वर नेली आणि एकदम हजार फॉर्म छापून घेतले.

२०२० मध्ये त्याच लेखकांनी मोठ्या संख्येवर प्रयोग पुन्हा केले. काहीच फरक दिसला नाही. २०२१ मध्ये आकडे तपासणाऱ्या संशोधकांनी विम्याची फाइल उघडली. गाड्या किती मैल चालल्या ते बघितलं, तर शून्यापासून पन्नास हजारांपर्यंत प्रत्येक टप्प्यात जवळजवळ सारख्याच गाड्या, आणि पन्नास हजारांच्या पुढे एकही नाही. जगात असं कुठे असतं? बहुतेक लोक मधल्या आकड्यांत असतात आणि थोडे टोकाला. दुसरी खूण आणखी साधी. आमच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्याला विचारा गाडी किती चालली, तो ‘ऐंशी हजार’ म्हणेल. ‘एकोणऐंशी हजार नऊशे त्रेसष्ट’ कोण म्हणतं? पण प्रयोगातल्या फॉर्मवर कळवलेल्या रीडिंगमध्ये असे गोल आकडे जवळपास नव्हतेच. वर फाइलमध्ये फॉन्टही दोन. पेपर त्याच वर्षी मागे घेतला गेला. विषय कोणता, तर प्रामाणिकपणा.

आमचे फॉर्म अजून संपलेले नाहीत. सही अजून वरच आहे.

तेव्हापासून माझं पहिलं काम ठरलेलं. पेपरच्या पहिल्या पानावर १० या आकड्याने सुरू होणारा एक लांबलचक नंबर असतो, डीओआय. तो टाकून थेट प्रकाशकाच्या पानावर जायचं. पेपर मागे घेतला असेल तर तिथे ‘रिट्रॅक्टेड’ असा ठसा दिसतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफला आपण मेलो हे माहीतच नसतं, म्हणून पीडीएफवर भिस्त ठेवू नका. शंका वाटली तर ‘रिट्रॅक्शन वॉच’चा डेटाबेस आहे, मागे घेतलेल्या पेपरांची यादीच ती. २०२३ मध्ये तो क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेने घेतला आणि सगळ्यांना मोफत खुला केला. फार तर दोन मिनिटांचं काम. कोविडच्या काळात लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय जर्नलमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर एक पेपर आला होता: ९६,०३२ रुग्ण, ६७१ रुग्णालयं. २२ मे २०२० ला छापला, ४ जूनला मागे घेतला, कारण मूळ आकडे तपासायला मिळेनात. मधल्या तेरा दिवसांत ज्यांनी पीडीएफ उतरवून ठेवली, त्यांच्याकडे ती अजून तशीच असणार, बिनठशाची.

आता पेन्सिल घ्या. अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे सुरुवातीचा सारांश, आणि प्रस्तावना सोडून द्या. पाहुण्यांसमोर मांडलेला दिवाणखाना आहे तो. आपल्याला स्वयंपाकघर बघायचंय, म्हणजे ‘मेथड्स’चा भाग आणि तक्ते. समासात चार प्रश्न लिहा: किती जणांवर? कशाच्या तुलनेत? नेमकं मोजलं काय? टक्का कशाचा? उत्तर जिथे सापडेल तिथे खूण करा. एखादं उत्तर सापडलंच नाही, तर तीसुद्धा माहितीच आहे.

इंजिनिअरिंगच्या पोरांना चौथा प्रश्न सगळ्यात जास्त लागतो. परवा एक जण आला, ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालात, घालायला पेपर घेऊन. “मॅडम, बेअरिंग खराब आहे की नाही हे ओळखायची यांची अचूकता नव्व्याण्णव टक्के आहे.” मी म्हटलं, तक्ता दाखव. समजा हजार बेअरिंग आहेत आणि त्यातली दहाच खराब. मी डोळे मिटून हजारही चांगली आहेत असं सांगितलं, तरी नऊशे नव्वद वेळा बरोबर. झाली नव्व्याण्णव टक्के अचूकता, आणि एकही खराब बेअरिंग सापडलं नाही. तेव्हा खराब किती होती आणि त्यातली किती पकडली, तेवढंच शोध. तो तक्ता घेऊन कोपऱ्यात बसला. अर्ध्या तासाने येऊन म्हणाला, “यांनी ते दिलेलंच नाही.” मग घालू नकोस, म्हटलं.

इंजिनिअरिंगमध्येच दुसरी एक गंमत आहे, आणि तिच्यासाठी गणितही लागत नाही. पेपर मोठ्याने वाचा. फ्रान्समधल्या तूलूजचे संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये पेपरांत सापडलेल्या विचित्र शब्दांची यादी लोकांपुढे आणली. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, ‘बिग डेटा’च्या जागी ‘कोलॉसल इन्फर्मेशन’, आणि ‘सिग्नल टू नॉइज’च्या जागी चक्क ‘फ्लॅग टू क्लॅमर’. दुसऱ्याचा मजकूर उचलायचा, प्लेजरिझमच्या, म्हणजे उचलेगिरीच्या, तपासणीत सापडू नये म्हणून सॉफ्टवेअरकडून शब्द बदलून घ्यायचे, आणि तसाच छापायचा. मराठीत कल्पना करा, ‘डोळ्यात धूळ फेकली’ ऐवजी कोणी ‘नेत्रात माती भिरकावली’ लिहिलं तर? आपण लगेच हसू. इंग्रजीत असलं की पोरं बिचकतात. त्यांना वाटतं हा काहीतरी वरच्या पातळीचा शब्द असेल. नसतो. आपल्या विषयाचा रोजचा शब्द पेपरात अनोळखी वेषात भेटला, तर तिथेच थांबा.

संगणक-सुरक्षेच्या पेपरांत मी तिसरा प्रश्न आधी विचारते, मोजलं काय? इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसवर संशोधकांनी २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम इकडेतिकडे टाकून दिले होते. तो पेपर २०१६ चा. लोकांच्या तोंडी एकच आकडा राहिला: ९८ टक्के. पण ९८ टक्के पेनड्राइव्ह जागेवरून हलले, एवढाच त्याचा अर्थ. आमचे शिपाईमामा टेबल पुसताना सापडलेला पेनड्राइव्ह माझ्या खणात टाकतात, तेही या ९८ टक्क्यांतच येणार. संगणकाला लावून आतली फाइल उघडली गेली असे पेनड्राइव्ह ४५ टक्के. तोही आकडा घाम फोडणाराच आहे, पण दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. आणि फाइल का उघडली, तर ज्यांनी उत्तर दिलं त्यांतल्या बहुतेकांनी सांगितलं, मालक कोण ते शोधायला. म्हणजे दुष्टपणा नाही, भलेपणा. हे वाचलं आणि मी ग्रंथालयाच्या दाराशी ‘सापडलेले पेनड्राइव्ह इथे टाका’ असा डबा ठेवला. एका अमेरिकन कॅम्पसचा आकडा आपल्या तालुक्याला जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण भलेपणा दोन्हीकडे सारखाच असावा.

फार्मसी. इथे चुकलं तर अंगाशी येतं, म्हणून इथे जरा जास्त वेळ द्या.

‘धोका दुप्पट’ असं वाचलं की ताबडतोब विचारा, कितीचा दुप्पट? १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी समितीने इशारा दिला, की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. बायका घाबरल्या, कित्येकींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी गर्भपातांची संख्या काही हजारांनी वाढली. मूळ आकडा काय होता? जुन्या गोळ्या घेणाऱ्या सात हजारांत एक, नव्या घेणाऱ्या सात हजारांत दोन. दुप्पट खरंच. आता समासात दोन्ही ओळी लिहून बघा:

७,००० पैकी १
७,००० पैकी २

आणि यांच्या शेजारी लिहा, ‘१०० टक्के वाढ’. तिन्ही ओळी खऱ्या. भीती मात्र तिसरीच घालते. फार्मसीच्या मुलींकडून मी हे लिहूनच घेते, नुसतं ऐकून डोक्यात राहत नाही.

दुसरा प्रश्न, कशाच्या तुलनेत, याचं सर्दीच्या गोळीइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. आपल्याकडच्या सर्दीच्या कितीतरी गोळ्यांच्या पाकिटावर फेनिलएफ्रिन हे नाव दिसेल. नाक मोकळं करण्यासाठी घातलेलं असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेच्या, सल्लागार समितीने एकमताने सांगितलं, की तोंडावाटे घेतलेलं फेनिलएफ्रिन नेहमीच्या मात्रेत चोंदलेल्या नाकावर काम करत नाही. आतडं आणि यकृतच त्याचा बहुतेक भाग फस्त करतात, रक्तापर्यंत पोचतं अगदी थोडं. मग इतकी वर्षं लोकांना बरं कसं वाटत होतं? सर्दी आठवडा-दहा दिवसांत उतरतेच, गोळी घ्या नाहीतर नका घेऊ. म्हणून शेजारी बिनऔषधाची गोळी घेणारा गट हवा, त्याच लक्षणांचा, त्याच दिवसांतला. असा गट ठेवून, सर्दीच्या नाही पण अ‍ॅलर्जीने नाक चोंदलेल्या पाचशेहून जास्त रुग्णांचा एक अभ्यास २०१५ मध्ये आला. तो औषध कंपनीच्याच पैशाने झाला होता आणि फरक काही नाही असं त्याने सांगितलं. बोजा असलेली जमीनही कधी कधी चांगली निघते ती अशी. (घरी चालू असलेली गोळी हे वाचून बंद करू नका. तुमच्या डॉक्टरांना विचारा, मी ग्रंथपाल आहे.)

भारतात माणसांवर झालेली औषधाची चाचणी असेल तर आणखी एक करा. पेपरात सीटीआरआय असा नंबर शोधा. ही क्लिनिकल ट्रायल्सची आपली सरकारी नोंदवही, २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. वेबसाइटवर तो नंबर टाकला की चाचणीआधी काय मोजणार असं कबूल केलं होतं ते दिसतं. कबूल एक केलं आणि छापलं दुसरंच, असं दिसलं तर पेन्सिलने जाड रेघ मारा.

कुठल्या जर्नलमध्ये आलाय याला मी पूर्वी फार महत्त्व द्यायचे. आता कमी. यूजीसीची मान्य जर्नलची केअर यादी होती, ती २०२५ मध्ये बंद झाली. आता ज्याची त्याने पारख करायची. पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानं तर उदंड आहेत. २०१३ मध्ये एका पत्रकाराने मुद्दाम चुका भरलेला बनावट पेपर ३०४ खुल्या, म्हणजे मोफत वाचता येणाऱ्या, जर्नलना पाठवला. १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेला. मला स्वतःला दर आठवड्याला ‘आदरणीय डॉक्टर’ म्हणून हृदयरोगाच्या जर्नलची आमंत्रणं येतात. माझं शिक्षण ग्रंथालयशास्त्रात झालंय. पण नावाजलेल्या जर्नलमध्येही लॅन्सेटसारखं होतं, तेव्हा दुकानाची पाटी बघा, मात्र माल हातात घेऊनच पारखा.

राहता राहिला प्रश्न पेपर मिळवायचा. प्रकाशक पस्तीस-चाळीस डॉलर मागतो आणि पोरं हिरमुसतात. सरकारी संस्थेत असाल तर २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’खाली सुमारे तेरा हजार जर्नल तुम्हाला उघडी आहेत. आमची संस्था खासगी, त्यामुळे आम्ही त्या पंगतीत नाही. आम्ही गूगल स्कॉलरवर शीर्षक टाकतो आणि खाली सगळ्या आवृत्त्यांची लिंक असते ती दाबतो. बऱ्याचदा लेखकाच्या विद्यापीठाच्या पानावर पीडीएफ मोफत पडलेली असते. नसेल तर लेखकालाच मेल करायचा. तीन ओळी पुरतात: मी अमुक कॉलेजचा विद्यार्थी, तुमचा अमुक पेपर मला हवा आहे, पाठवाल का. पहिल्या पानावर ज्याच्या नावापुढे पाकिटाची किंवा ताऱ्याची खूण असते, त्याचा पत्ता घ्यायचा.

बेअरिंगवाल्या पोराला मी हेच करायला लावलं. खराब बेअरिंग किती पकडली तेवढाच तक्ता मागायला सांगितला. मेलवर तो पंधरा मिनिटं अडला, ‘सर’ लिहू की ‘मॅडम’ म्हणून; नावावरून कळेना. शेवटी ‘प्रोफेसर’ लिहिलं आणि पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही. रोज दुपारी येऊन मेल उघडून बघतो आणि जाताना वर्तमानपत्र चाळून जातो.