चिंतेवर रसेल यांचा उपाय कसा करावा

आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत मळभ आले की रत्नागिरीकडच्या बागायतदाराची झोप उडते. अशा वेळी ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९३० साली ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ हॅपिनेस’ या पुस्तकात सांगितलेला उपाय करून पाहावा. आधी वाईटात वाईट काय घडेल ते नेमके मांडावे: तुडतुडे ही कीड वाढेल, मोहोर काळा पडेल, वाशीच्या बाजारात पेट्या जाणारच नाहीत. मग तसे झाले तरी सर्वनाश का होणार नाही, याची खरी कारणे शोधावीत. नुसती समजूत घालू नये. हे एकदा करून भागत नाही, भीती ओसरेपर्यंत करावे लागते. फवारणी केव्हा करावी हे विज्ञान सांगेल. कशासाठी जगावे हे ते ठरवू शकत नाही, असे रसेल मानत. मात्र डोक्यावर कर्ज असेल, तर माझ्या मते आधी बँकेत जाऊन हप्त्यांचे बोलून घ्यावे.