नखावर मावणारं ग्रीक नाणं ओळखायचं कसं?

भिंग घेऊन थेट चित्रं जुळवायला बसू नका. चित्रं जुळवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि घोळ तिथेच होतो. आधी वजन, मग चित्र.

किझिकोसचंच बघा. मार्मारा समुद्राकाठच्या या शहराची इ.स.पू. ५व्या शतकातली चांदीची नाणी: एकीकडे रानडुकराचं पुढचं अर्धं अंग आणि ट्यूना मासा, दुसरीकडे खोलगट चौकोनात सिंहाचं मुंडकं. ओबोल या छोट्या ग्रीक नाण्यावर हेच, अर्ध्या ओबोलवरही हेच. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. एक साधारण ०.८ ग्रॅमचं, दुसरं ०.४ ग्रॅमचं.

वजन घेणं मला बराच काळ जमत नव्हतं. स्वयंपाकघरातला काटा इथे कुचकामी आहे, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, सोनं तोलायचा काटाच हवा. पंखा बंद ठेवा. तरीही रिकाम्या काट्यावर एवढंसं नाणं ठेवलं, तर स्वस्तातले काटे ते चक्क गिळतात आणि आकडा शून्यावरच राहतो. म्हणून आधी ५ ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवा, आकडा स्थिरावू द्या, मग चिमट्याने नाणं ठेवा आणि वजाबाकी करा. तीनदा करा. आकडे जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका.

आता हा आकडा अथेन्सच्या मापाने मोजायची घाई नको. अथेन्सचा द्राख्म, म्हणजे ओबोलहून मोठं चांदीचं नाणं, ४.३ ग्रॅमचा, त्याचे सहा ओबोल, म्हणजे एक ०.७२ ग्रॅमचा. एजिना बेटाचा ओबोल मात्र १ ग्रॅमच्या आसपास. झिजून नाणं हलकं होतं, जड होत नाही. त्यामुळे १ ग्रॅमच्या नाण्याला ‘अथेन्सचा जरा जड ओबोल’ म्हणणं साफ चूक.

चित्र पाहताना उजेड एका बाजूने, तिरका घ्या आणि नाणं फिरवत राहा. चिंच, लिंबू, टूथपेस्ट अजिबात लावू नका. उरलेसुरले बारकावेही जातील.

नाणं फिकट पिवळं असेल, तर ते इलेक्ट्रमचं, म्हणजे सोन्या-चांदीच्या मिश्रणाचं असू शकतं. लिडिया आणि आसपासच्या आयोनियात (आजच्या पश्चिम तुर्कस्तानात) इ.स.पू. ७व्या शतकात नाणी सुरू झाली ती याच धातूत. तिथला स्टेटर, म्हणजे पूर्ण वजनाचं मूळ नाणं, १४ ग्रॅमचा, पण त्याच्या हिश्श्यांची छोटी नाणी पार शहाण्णवाव्या भागापर्यंत जातात: जेमतेम ०.१५ ग्रॅम! सुरुवातीच्या कित्येक नाण्यांवर ना अक्षर, ना चित्र. एका बाजूला रेघा, दुसरीकडे ठोकलेला खळगा. तिथे किंमत सांगतं ते फक्त वजन.