ब्रॉख ऑफ बर्सीला जाताना आधी ओहोटी बघा

स्कॉटलंडच्या ऑर्कनीमधल्या या चिमुकल्या बेटावर चालत जाता येतं, पण फक्त ओहोटीला. पूर्ण ओहोटीच्या आधी आणि नंतर साधारण दोन-दोन तास वाट उघडी असते. वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवा. चुकलात तर पुढच्या ओहोटीपर्यंत वाऱ्यात कुडकुडत बसा! शेवाळाने वाट निसरडी असते, पकड असलेले बूटच घाला. पलीकडे पोचताच पिक्ट (स्कॉटलंडचे प्राचीन रहिवासी) आणि नॉर्स (व्हायकिंग) लोकांच्या घरांचे दगडी पाये लागतात. तिथेच रमून परत फिरू नका, वर १९२५ सालच्या दीपगृहापर्यंत चढा. मे ते जुलैत कड्यावर पफिन हे समुद्रपक्षी दिसतात: भडक रंगीत चोच, अंगाने कबुतराहूनही लहान. कड्याला कठडा नाही, काठापासून लांबच राहा आणि दुर्बिणीतून बघा.