सूर्यघर योजनेचा अर्ज नेमका कुठे अडतो? ठाणे आणि नवी मुंबईतील अर्जदारांनी या चुका टाळाव्यात

घराच्या छतावर सौर प्रकल्प बसवून वीजबिल कमी करता यावे, यासाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. देशातील १ कोटी घरांपर्यंत पोहोचण्याचे तिचे उद्दिष्ट असून, त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली आहे. ठाणे शहर आणि नवी मुंबई या दोन्ही ठिकाणी तिच्याबद्दल उत्सुकता भरपूर आहे, परंतु अर्ज भरल्यानंतर तो पुढे सरकत नाही, अशी तक्रारही तितक्याच वेळा कानावर येते. अशा अर्जांकडे बारकाईने पाहिले, तर अपात्रता हे कारण क्वचितच आढळते. वीजबिलावर नाव कोणाचे आहे, छतावर हक्क कोणाचा आहे आणि अर्जात मोबाइल क्रमांक कोणाचा दिला आहे, या तीन साध्या प्रश्नांची उत्तरे अर्जापूर्वी तपासलेली नसतात, आणि अडचण तिथूनच सुरू होते. म्हणून पॅनेलच्या किमती विचारण्याआधी घरातले ताजे वीजबिल समोर घेऊन बसावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बिलावर आजही जुन्या मालकाचे नाव असणे

योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर, म्हणजे अर्जाच्या संकेतस्थळावर, नोंदणी करताना वीज वितरण कंपनी निवडून ग्राहक क्रमांक द्यावा लागतो. महावितरणचा हा क्रमांक १२ अंकी असतो. क्रमांक दिला की ग्राहकाचे नाव वितरण कंपनीच्या नोंदीतून येते, अर्जदाराने सांगितले म्हणून ते बदलत नाही. आपल्या भागात नेमकी इथेच गाडी अडते. नवी मुंबईत सिडकोने वाटप केलेली कितीतरी घरे पुढे मुखत्यारपत्रावर विकली गेली, सिडकोकडील हस्तांतरण मागे पडले आणि वीजजोडणी मूळ वाटपधारकाच्याच नावावर राहिली. ठाण्यात नौपाडा, कोपरी किंवा वर्तकनगरसारख्या जुन्या वस्त्यांमध्ये वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाने बिल येते, ते वेळेवर भरले जाते, आणि बिल भरले जात आहे तोपर्यंत नाव बदलण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

असे बिल असताना अर्ज केला, तर अर्ज एकाच्या नावाने, आधार दुसऱ्याचे आणि बँक खाते तिसऱ्याचे अशी स्थिती होते. काही जण दिवंगत वडिलांच्या नावानेच नोंदणी करून मोकळे होतात आणि पुढचे पुढे पाहू असे म्हणतात. प्रकल्प बसून गेल्यावर अनुदान जमा करण्याची वेळ येते, तेव्हा ते नाव असलेले चालू खातेच उरलेले नसते. तोपर्यंत लाखभर रुपये किंवा त्याहून अधिक खर्च झालेला असतो, म्हणून ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते.

यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे आधी महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करणे. घर खरेदी केलेले असेल, तर नोंदणीकृत करारनामा किंवा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) हाताशी ठेवावा. वारसाहक्काने घर आले असेल, तर मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि अन्य वारसांची लेखी संमती लागते. भावंडांपैकी कोणी परगावी असेल, तर या संमतीलाच सर्वांत जास्त वेळ जातो, त्यामुळे ते काम आधी हाती घ्यावे. मागील थकबाकी भरलेली असावी. नाव बदलल्याचे छापील बिल हाती येईपर्यंत पोर्टलवर नोंदणी करू नये, कारण जुन्या नावाने केलेली नोंदणी नंतर दुरुस्त करत बसणे हा वेगळाच व्याप होतो.

नाव आपलेच असले, तरी इंग्रजी स्पेलिंग जुळते का, हेही पाहावे. बिलावर आडनाव आधी आणि वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर, आधारवर पूर्ण नाव, पासबुकात तिसरेच रूप, असे आपल्याकडे सर्रास आढळते. बिलावरील वर्गवारीही वाचावी. अनुदान घरगुती जोडणीसाठीच आहे. घराच्या जोडणीवर व्यापारी वर्गवारी लागलेली असेल, तर ती आधी दुरुस्त करून घ्यावी लागते.

कळवा, मुंब्रा, दिवा आणि शीळ या भागांत मार्च २०२० पासून टोरेंट पॉवर ही कंपनी महावितरणची फ्रँचायझी म्हणून काम पाहते. तेथील ग्राहकांनी नावबदल आणि ग्राहक क्रमांकाची खातरजमा टोरेंटच्या ग्राहक सेवा केंद्रात करून घ्यावी आणि मगच पोर्टल उघडावे.

छत आपलेच आहे, असे गृहीत धरणे

योजनेची माहिती देणाऱ्या जाहिरातींमध्ये बहुधा स्वतंत्र बंगला दाखवलेला असतो. आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबे मात्र इमारतींत राहतात आणि इमारतीची गच्ची ही सर्वांची सामाईक जागा असते. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सदस्यालाही ती आपोआप मिळत नाही. सोसायटीचे ना हरकत पत्र न घेता एखाद्या सदस्याने आगाऊ रक्कम देऊन टाकली आणि मग सर्वसाधारण सभेत विरोध झाला, तर ती रक्कम परत मिळवणे फार जिकिरीचे होते.

सोसायटीपुढे यासाठी दोन मार्ग आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला मार्ग म्हणजे सोसायटीने स्वतः अर्ज करून लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातील दिवे आणि वाहन चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी प्रकल्प बसवणे. त्यासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे आणि क्षमतेची मर्यादा प्रति घर ३ किलोवॉट या हिशेबाने कमाल ५०० किलोवॉट इतकी आहे. म्हणजे २० किलोवॉटच्या प्रकल्पाला ३,६०,००० रुपये मिळू शकतात, आणि प्रत्येक सदस्याच्या देखभाल खर्चात त्याचा लाभ दिसतो. दुसरा मार्ग म्हणजे सदस्यांनी गच्चीचा ठरावीक भाग वापरून आपापल्या मीटरसाठी प्रकल्प बसवणे. चौदा मजली इमारतीत गच्ची सर्वांना पुरणार नाही, हे उघड आहे. म्हणून माझ्या मते उंच इमारतींनी पहिलाच मार्ग धरावा आणि चार-पाच सदस्यांनी आधी जागा अडवून बसू नये.

सोसायटीचा अर्ज करताना सामाईक मीटर कोणाच्या नावावर आहे, हे पदाधिकाऱ्यांनी स्वतः पाहावे. घोडबंदर रस्त्यावरील किंवा घणसोली-उलव्याकडील नव्या इमारतींमध्ये ताबा मिळून बराच काळ लोटला, तरी हा मीटर विकासकाच्याच नावाने राहिलेला असू शकतो. ठरावातही केवळ 'सौर प्रकल्पास मंजुरी' असे मोघम लिहू नये. प्रकल्पाची क्षमता, गच्चीचा कोणता भाग, गळती झाल्यास दुरुस्ती कोणी करायची, पाण्याच्या टाक्यांकडे जाण्याची वाट मोकळी राहील की नाही, आणि पोर्टलवर सोसायटीच्या वतीने कोण सही करणार, हे सगळे इतिवृत्तात यावे. पावसाळ्यात गच्ची गळू लागली की पहिला दोष पॅनेलच्या पायांना दिला जातो, त्यामुळे जलरोधनाचे काम बाकी असेल तर ते आधी उरकून घ्यावे. इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू असतील, तर मात्र थांबलेलेच बरे. साधारण २५ वर्षे चालणारी यंत्रणा तीन-चार वर्षांत उतरवावी लागेल, हे हिशेबात बसत नाही.

नवी मुंबईतील गावठाणांचा प्रश्न निराळा आहे. घणसोली, कोपरखैरणे किंवा दिवाळे येथे एकाच घरात भावांची कुटुंबे मजल्यांवर विभागलेली असतात, मीटर चार आणि छत एक. येथे मालकीचा स्वच्छ कागद नसल्यास मालमत्ता कराची पावती आणि सर्व भावांचे संमतिपत्र अर्जाआधीच तयार करावे, आणि कोणाच्या मीटरवर प्रकल्प जोडायचा, हे घरात बसून ठरवावे. भाडेकरूंना छतावर हक्क नसल्यामुळे त्यांना ही योजना उपयोगी पडत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

वापर न पाहता क्षमता ठरवणे

अनुदानाचे कोष्टक सोपे आहे: पहिल्या २ किलोवॉटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये. पाच किलोवॉट बसवले, तरी अनुदान ७८,००० रुपयेच राहते, ही गोष्ट विक्रेता ठळकपणे सांगेलच असे नाही. महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असेल तर १ ते २ किलोवॉट, १५० ते ३०० युनिट असेल तर २ ते ३ किलोवॉट, असे योजनेचेच मार्गदर्शन आहे. एका किलोवॉटला सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षभराची सरासरी काढली, तर दिवसाला साधारण ४ युनिट वीज मिळते. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे आभाळ भरलेले असल्याने उत्पादन घटते. त्यामुळे मे महिन्याच्या एका बिलावरून निर्णय न घेता बारा महिन्यांचे युनिट मांडून पाहावेत.

'मोफत वीज' या शब्दांवरून बिल शून्य येईल अशी अपेक्षा ठेवू नये. नेट मीटरवर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरवर, युनिटची वजावट होते, स्थिर आकार बिलात राहतोच.

ज्यांचा वापर महिन्याला १०० युनिटच्या आत आहे, त्यांनी छतावरील सौर प्रकल्पांसाठीच्या राज्य सरकारच्या २०२५ मधील 'स्मार्ट' योजनेची चौकशी आधी करावी. एक किलोवॉटच्या प्रकल्पावर तिच्यात केंद्राच्या ३०,००० रुपयांशिवाय राज्याचेही अनुदान ठेवलेले आहे आणि दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला स्वतःचे केवळ २,५०० रुपये घालावे लागतात.

मोबाइल क्रमांक एजन्सीचा देणे

अर्ज आम्हीच भरून देतो, असे एजन्सीचा माणूस सांगतो आणि नोंदणीत स्वतःचा मोबाइल क्रमांक व ईमेल टाकतो. त्यानंतरचा प्रत्येक ओटीपी आणि प्रत्येक सूचना त्याच्याकडे जाते. काम मनासारखे झाले नाही म्हणून एजन्सी बदलायची ठरवली, तर आपल्याच अर्जात आपल्याला प्रवेश नसतो. मदत जरूर घ्यावी, परंतु क्रमांक आपला, ईमेल आपला आणि पासवर्डही आपल्याकडेच असावा. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत मुलाचा किंवा सुनेचा क्रमांक दिलेला चालेल, बाहेरच्या माणसाचा नको.

एजन्सी पोर्टलवरील नोंदणीकृत यादीतूनच निवडावी. तिच्याशी होणाऱ्या लेखी करारात पॅनेल देशी बनावटीची, म्हणजे आतील सौर सेलसुद्धा भारतात तयार झालेली असतील, अशी अट शब्दांत असावी, कारण आयात केलेल्या सेलच्या पॅनेलवर हे अनुदान मिळत नाही. पाच वर्षांची देखभाल ही एजन्सीची जबाबदारी आहे, तीही करारात लिहून घ्यावी. पोर्टलवरील नोंदणीला शुल्क नाही. 'फाइल चार्ज' म्हणून कोणी रक्कम मागितली किंवा व्हॉट्सॲपवर एखादे ॲप पाठवून ते उघडायला सांगितले, तर तिथेच थांबावे.

काम झाले की अनुदान आपोआप येईल, असे समजणे

पॅनेल बसले म्हणजे प्रक्रिया संपली, असे नव्हे. नेट मीटर बसवणे, वितरण कंपनीची तपासणी आणि प्रकल्प कार्यान्वित झाल्याचे प्रमाणपत्र हे टप्पे उरतात. त्यानंतर पोर्टलवर बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश द्यावा लागतो, आणि तेथून ३० दिवसांत अनुदान अपेक्षित असते. हा शेवटचा टप्पा राहून गेल्यामुळे वाट पाहत बसलेली कुटुंबे आहेत. खाते बिलावरील नावाच्याच व्यक्तीचे असावे आणि आयएफएससी क्रमांक ताज्या पासबुकावरून घ्यावा, कारण बँकांच्या विलीनीकरणानंतर अनेक शाखांचे जुने क्रमांक बदलले आहेत.

गॅस सिलिंडरच्या मदतीत याच जातीची, परंतु अधिक फसवी अडचण येते. मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला ३ सिलिंडरची रक्कम थेट खात्यात येते, आणि त्यासाठी जोडणी कुटुंबातील महिलेच्या नावावर असणे आवश्यक आहे. बँकेने केवायसीसाठी आधार घेतले, म्हणजे थेट लाभ त्याच खात्यात येईल, असे मात्र नाही. आधारशी जोडलेले जे खाते एनपीसीआयच्या (बँकांमधील देयक व्यवहार चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत असेल, त्यातच पैसे जातात. ते बहुधा एखादे जुने, विसरलेले खाते निघते. बँकेच्या शाखेत 'थेट लाभासाठी आधार सीडिंग' असे स्पष्ट लिहून अर्ज द्यावा.

अर्ज अडकलाच तर

प्रथम पोर्टलवर अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे, ते पाहून त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. अडथळा एजन्सीकडे आहे, महावितरणकडे आहे की बँकेकडे, हे त्यावरून कळते. योजनेसाठी १५५५५ आणि महावितरणसाठी १९१२ हे मदत क्रमांक आहेत. फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक वहीत तारखेसह लिहावा. नेट मीटर किंवा नावबदल विनाकारण रखडला असेल, तर तोंडी चौकशीवर न थांबता उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तेथेही दाद लागली नाही, तर ठाणे आणि नवी मुंबईतील ग्राहकांना भांडुप परिमंडळाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते, आणि मंचाचा निर्णय मान्य नसल्यास मुंबईत विद्युत लोकपालांकडे. वीज कायदा, २००३ च्या कलम ४२ ने हा अधिकार दिला आहे. मंचापुढे वकील नसला तरी चालतो, पण पोच नसलेल्या अर्जाला तेथे काही वजन नसते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागदाची शिक्का मारलेली प्रत जपून ठेवावी.