एकट्याने बाईकवरचा लांबचा दिवस: या चुका टाळा

सोबत दुसरी बाईक असली की तुमचा सुटलेला पट्टा, बसत चाललेलं मागचं चाक, विझलेला ब्रेक लाइट मागच्याला दिसतो आणि तो हॉर्न मारतो. एकट्याला हे सांगणारं कुणी नसतं. कळतं तेव्हा पाच मिनिटांच्या कामाचे पाच तास झालेले असतात.

दिवस किलोमीटरमध्ये मोजणं

नकाशावर 450 किलोमीटर, बाईक 90 ने पळते, म्हणजे पाच तास. हा हिशेब पहिल्याच दिवशी फसतो. पेट्रोल, गर्दी, घाट, उखडलेले पट्टे आणि थांबे धरले की मिश्र रस्त्यावर दिवसाची सरासरी ताशी 40 ते 50 च्या आसपास येते. म्हणून आधी उजेडाचे तास मोजा. त्यातून सकाळचा अर्धा आणि संध्याकाळचा दीड तास वजा करा आणि उरलेल्या तासांना 40 ने गुणा. बारा तासांच्या उजेडाचे 400 किलोमीटर होतात, तेवढेच ठरवा. रस्ता चांगला निघाला तर लवकर पोचाल, त्यात नुकसान काही नाही.

दिशाही बघून ठेवा. संध्याकाळी पश्चिमेकडे जायचं असेल तर शेवटचा तास सूर्य थेट डोळ्यांत असतो. हेल्मेटच्या व्हायझरवर (पुढच्या काचेवर) बारीक ओरखडे असतील तर समोर नुसता पांढरा पडदा दिसतो, खड्डा दिसत नाही.

गरम टायरची हवा मोजणं

हवा बाईक निदान तीन तास उभी राहिल्यावर मोजायची. पळून आलेल्या टायरमध्ये 3-4 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त दिसतात. ते बघून पुष्कळजण हवा सोडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर निघतो. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि वळणावर बाईक डुलते. स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा चेन कव्हरवर स्टिकर असतो. त्यावर एकट्यासाठी एक आणि दोघांसाठी दुसरा आकडा दिलेला असतो. मागे भरपूर सामान असेल तर मागच्या टायरला दोघांचा आकडा धरा.

चेन ओढून घट्ट करणं

लांब जायचंय म्हणून चेन ताणून घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, आणि ती काळजी घेणारी माणसंच करतात. वजनाने मागचं सस्पेन्शन दबलं की पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा पिव्हट (तो ज्यावर वर-खाली हलतो तो सांधा) आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेकडे सरकतात आणि चेन आणखी ताणली जाते. स्टँडवर जेमतेम बरी वाटणारी चेन खड्ड्यात तारेसारखी होते. तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर येतो. घूंऽऽ असा आवाज आणि पुढच्या स्प्रॉकेटमागे ओलसर ऑइल ही त्याची खूण.

खालच्या बाजूला मधोमध बोटाने चेन वर-खाली हलवा. बऱ्याच बाईकना हा खेळ 25 ते 35 मिलिमीटर लागतो, उंच सस्पेन्शनवाल्यांना जास्त. मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सर्वांत घट्ट लागते त्या जागेवर सेटिंग करायचं. अ‍ॅक्सल नट सैल करून चेनचा ताण बदलणारे दोन्ही अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा सारखे फिरवा, दोन्हीकडच्या खुणा जुळवा, नट आवळा आणि पुन्हा मोजा. आवळताना खेळ बदलतो, इथेच फसगत होते. मागे ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक पेडलचा खेळही बघून घ्या.

ल्यूब (चेनचं वंगण) संध्याकाळी, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवत लावा. साधारण दर 500 किलोमीटरला आणि पावसातून आल्यावर. सकाळी निघता निघता मारलेलं ल्यूब पहिल्या दहा किलोमीटरमध्ये उडून टायरवर बसतं. आणि इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसायची नाही. बोटं जातात, अतिशयोक्ती नाही.

सामान मागे लटकवणं

जड वस्तू खाली आणि पाठीला चिकटून, हलक्या वर आणि मागे. मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरायला लागतं. बांधल्यावर 20-25 किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ओढा, कारण सामान हादऱ्यांनी बसतं आणि पट्टे सैल पडतात. पट्ट्याचं मोकळं टोक गुंडाळून खोचा, ते चेनमध्ये गेलं की मागचं चाक जाम होऊ शकतं. दुसरी चावी बॅगेत नको, अंगावरच्या जॅकेटात हवी.

दुपारी "अजून थोडं" म्हणणं

दोन ते चारच्या दरम्यान झोप येते, मग जेवण हलकं असो की जड. ताशी 60 ला तीन सेकंदांची डुलकी म्हणजे 50 मीटर अंतर. मागचा वळणाचा पट्टा कसा पार केला ते आठवत नसेल, चढावर गिअर उतरवायचं राहिलं असेल, तर थांबायची वेळ झालेली आहे. गाणं म्हणून, वेग वाढवून झोप जात नाही. सावलीत 15-20 मिनिटं झोपा.

पाण्याचं भान वारा घालवतो, घाम लगेच वाळतो आणि तहान लागल्याचं कळत नाही. चार-पाच तासांत लघवीला थांबावं लागलं नसेल तर पाणी कमी पडतंय. हवा 37-38 अंशांच्या वर असेल तर जॅकेट उघडून गारवा मिळत नाही, उलट गरम वारा अंगावर बसतो. आतला टी-शर्ट ओला करा आणि चेन बरीचशी बंद ठेवा (जॅकेटची).

पंक्चर झाल्यावर घाई

शेपूट डुलायला लागली की थ्रॉटल हळूहळू सोडा, हँडल सरळ धरा आणि ज्या चाकात हवा आहे त्याचाच ब्रेक हलकेच वापरा.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला, पण थुंकी लावून बुडबुडा येत नसेल, तर तिथेच उपटू नका. हवा मोजा, सावकाश दुकानापर्यंत जा. गळत असेल तर आधी खिळ्याचा कोन बघा, जागेवर खूण करा, मग पक्कडीने काढा. पंक्चर किटमधला रिमर (भोक घासणारी खरबरीत सळई) त्याच कोनात घालून आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. इथे कंटाळा केला की किटमधली चिकट रबरी पट्टी आत जातच नाही. पट्टी सुईच्या नाकात मधोमध ओवा, सोल्यूशन लावा आणि दोन्ही टोकं सेंटीमीटरभर बाहेर राहतील इतकी दाबा. सुई न पिळता झटक्यात सरळ ओढा. टोकं 3-4 मिलिमीटर ठेवून कापा, हवा भरा, पुन्हा थुंकी लावून बघा. दहा किलोमीटरवर हवा परत मोजा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर पट्टी चालत नाही. आणि ट्यूबवाल्या चाकाला हा किट निरुपयोगी आहे. त्याला ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि अ‍ॅक्सलचा पाना लागतो. निघण्यापूर्वी आपलं चाक कोणतं ते बघितलेलं असावं, एवढं तरी.

सुरू होत नाही म्हणून थेट स्टार्टर दाबत राहणं

क्रम असा: किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), न्यूट्रल, साइड स्टँड, क्लच पूर्ण दाबलेला, पेट्रोल. हसू येईल, पण निम्मी दुरुस्ती किल स्विचपाशी संपते. फ्युएल इंजेक्शनच्या बाईकला चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते. ती नसेल तर किल स्विच किंवा फ्यूज. नुसतं टकटक वाजत असेल तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलचा स्क्रू सैल झालाय. तो हादऱ्यांनी सैल होतोच, आधी आवळा. धक्का देऊन सुरू करायचं तर दुसऱ्या गिअरवर, पण बॅटरी पूर्ण मेली असेल तर पंप चालत नाही आणि इंजेक्शनवाली बाईक धक्क्यानेही उठत नाही.

पडलेली बाईक कमरेतून वाकून उचलणं

आधी चावी बंद, मग सामान उतरवा. बाईक साइड स्टँडच्या विरुद्ध बाजूला पडली असेल तर स्टँड आधीच उघडून ठेवा. शक्य असेल तर गिअरमध्ये टाका. जमिनीकडचं ग्रिप टाकीजवळ येईल असं हँडल पूर्ण वळवा. बाईककडे पाठ करा, सीटच्या कडेला बूड टेका, एक हात त्या ग्रिपवर, दुसरा मागच्या ग्रॅब रेलवर, आणि पाठ ताठ ठेवून छोट्या पावलांनी मागे चालत जा. जोर मांड्यांचा. उचलल्यावर सुरू होत नसेल तर चावी बंद करून पुन्हा चालू करा, कित्येक बाईकमध्ये आडवं पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो.

फोनवर सगळा भरवसा

नकाशा आधीच डाउनलोड करा. फोन हँडलवर थेट घट्ट लावू नका. मोठ्या इंजिनांच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो, असं खुद्द अ‍ॅपलने 2021 मध्ये सांगितलंय. कंपन शोषणारा माउंट घ्या किंवा फोन खिशात ठेवा.

पोचल्या पोचल्या बाईककडे पाठ फिरवणं

पाच मिनिटं लागतात. इंजिन गार होतंय तोवर दोन्ही टायर फिरवून खिळा बघा, चेनला ल्यूब मारा, व्हायझरवर ओला कपडा टाकून किडे भिजू द्या आणि मग पुसा. कोरडे घासले की ओरखडे. क्लच केबल लिव्हरपाशी तपासा, एक तार जरी तुटून उभी राहिली असेल तर ती उद्या तुटेल असं धरून चाला. बाईक सरळ उभी करून इंजिनवरच्या छोट्या काचेत ऑइल बघा. वाऱ्याने गार होणारी इंजिनं दिवसभर वेगात पळाली की थोडं ऑइल खातात. कमी असेल तर खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये येईल इतकंच घाला.