मॅनेज्ड स्विचवर व्हीलॅन शिकताय? पीव्हीआयडी सोडून पुढं जाऊ नका

डिप्लोमा करून यवतमाळ-वर्ध्याकडे नेटवर्किंगच्या कामाला लागलेल्या पोट्ट्यांसाठी लिहून राहिलो. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी नेटवर्कं, ती कशाला असते ते तुम्हाला माहीत आहेच. टॅग म्हणजे फ्रेममध्ये (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा एक तुकडा) सोर्स मॅकच्या (पाठवणाऱ्याचा हार्डवेअर पत्ता) लगेच नंतर घातलेले ४ बाइट, त्यातले १२ बिट व्हीलॅन नंबरचे, म्हणून वापरता येतात १ ते ४०९४. इंटरव्ह्यूत हे विचारतात, पाठ असू द्या.

आता जिथं मी लय अडकलो ते. स्वस्तातल्या, ब्राउझरमधून सेट होणाऱ्या स्विचवर पोर्टला व्हीलॅन २० चा अनटॅग्ड मेंबर केलं की वाटते झालं काम. नाही झालं! अनटॅग्ड म्हणजे त्या पोर्टातून बाहेर जाणाऱ्या फ्रेमचा टॅग काढायचा, बस एवढंच. कॉम्प्युटरकडून आत येणारी फ्रेम कोणत्या व्हीलॅनची हे पीव्हीआयडी, म्हणजे पोर्टला दिलेला डिफॉल्ट व्हीलॅन नंबर, ठरवते, अन् तो वेगळ्या पेजवर असते अन् बदलला नाही तर १ वरच बसून राहते. म्हणजे जिनिंगमधल्या वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरनं आयपी मागितला, ती मागणी गेली व्हीलॅन १ मध्ये, आयपी वाटणारा डीएचसीपी सर्व्हर २० मध्ये, मग कॉम्प्युटरनं स्वतःच घेतलेला १६९.२५४ वाला आयपी दिसते अन् माणूस केबल पुन्हा पुन्हा क्रिम्प करत बसते. अन् पोर्ट जुन्या १ मधून काढलाच नसेल तर त्याहून वाईट, सगळं चालू दिसते, पण सीसीटीव्ही अन् ऑफिस वेगळं झालेलंच नसते. बाहेर जाताना मेंबरशिप, आत येताना पीव्हीआयडी, दोन्ही तपासा, दरवेळी.

पॅकेट ट्रेसरवर, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्क सिम्युलेटरवर, शिकलेल्यांना हे कळत नाही कारण सिस्कोत 'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०' म्हटलं की दोन्ही कामं एकदमच होतात. तरी पॅकेट ट्रेसर सोडू नका, फुकटात यापेक्षा चांगला सराव नाही.

डंप, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, पाठ करून सर्टिफिकेट घेणं मला पटत नाही, साइटवर उघडं पडते. अन् 'माझी कॉन्फिग पेस्ट कर' म्हणणाऱ्या सिनियरच्या मागं फिरू नका, फ्रेम कुठून आली कुठं गेली हे कागदावर काढून दाखवणारा धरा, तो तालुक्याच्या गावातही भेटते.

वायरशार्कमध्ये (फ्रेम पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) टॅग दिसत नाही म्हणून घाबरू नका, विंडोजवर बरेचदा कार्डाचा ड्रायव्हरच टॅग काढून टाकते. सगळ्यांनाच आधी गोंधळ होते, महिन्यादोनमहिन्यात हात बसते.

अन् निघायच्या आधी कॉन्फिग सेव्ह करा म्हणजे कराच, बऱ्याच स्विचवर अप्लाय अन् सेव्ह वेगवेगळं असते, आपल्याकडे लाईट गेली की स्विच रीस्टार्ट होते अन् सगळी मेहनत पुसल्या जाते.