अमेरिकेतून आणलेला फोन इथे चालेल का? घेण्याआधीच तपासा

सगळ्यात आधी लॉक बघा. हप्त्यावर घेतलेला फोन बहुधा तिथल्या कंपनीच्या सिमलाच बांधलेला असतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट उघडून खाली 'कॅरिअर लॉक'पर्यंत या. समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं की फोन मोकळा. काही वेगळं दिसलं तर हप्ते फेडून तिथूनच अनलॉक करून घ्या. इथे आल्यावर ते फार जड जातं.

अमेरिकेतल्या आयफोन १४ पासून पुढच्या बहुतेक मॉडेलना सिमचा ट्रेच नाही. आपलं कार्ड ई-सिममध्ये, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या, कार्डाशिवाय चालणाऱ्या सिममध्ये बदलावं लागेल, तेव्हा जुना नंबर चालू असतानाच आपल्या सिम कंपनीकडे विनंती करा.

आता बँड, म्हणजे फोन ज्यांवर नेटवर्क पकडतो ते फ्रिक्वेन्सीचे पट्टे. डब्यावरचा किंवा सेटिंग्जमधला पूर्ण मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याच नंबरची यादी काढा. नुसतं नाव पुरत नाही, कारण देशागणिक बँड बदलतात. जिओसाठी ४जीचे ३, ५ आणि ४० हे बँड हवेत, ५जीसाठी एन२८ आणि एन७८. बँड ५ किंवा एन२८ नसेल तर रस्त्यावर रेंज, घरात शिरताच गायब, असं होतं. हे दोन्ही कमी फ्रिक्वेन्सीचे, आणि कमी फ्रिक्वेन्सीच भिंतीतून नीट आत येते.

लोक हमखास फसतात ते व्होल्टीवर, म्हणजे ४जी नेटवर्कवरूनच कॉल लावायच्या सोयीवर. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्होल्टी बंद असेल तर नेट पळतं, पण साधा कॉल लागत नाही. म्हणून पैसे देण्याआधी आपलं सिम किंवा ई-सिम सुरू करून, वायफाय बंद ठेवून, एक कॉल लावाच.